तुझा तो इंग्रजी शब्द

७ जानेवारी

मॅनेजरबाईंना,

फोन करायचा नाही, असं तू जाताना बजावलंस. पत्राबद्दल काही बोलली नव्हतीस, म्हणून पत्र लिहिते आहे. "आई, तुला साधं कळत नाही का, मला थोडा वेळ हवाय," असं म्हणणार असशील तर म्हण. हवा तेवढा वेळ घे. पत्र काही वाजत नाही आणि उचलावंही लागत नाही.

मला एवढंच विचारायचंय, की जो शब्द माझ्या तोंडावर फेकून गेलीस त्याचा अर्थ काय? "आई, तुला सेल्फ-एस्टीमच नाही." जिन्यात उभी राहून म्हणालीस, अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात. आणि कशावरून? तर तुझी आत्या जेवायला दोन तास उशिरा आली आणि माफी मी मागितली, जेवण गार झालं म्हणून. अगं, मग काय करायला हवं होतं? ताटाशेजारी घड्याळ मांडायचं? "गार झालं हो, माफ करा," एवढं म्हटल्याने माझी जीभ झिजली का? आत्या अडुसष्टाव्या वर्षी सुधारणार नाही, आणि मी छप्पन्नाव्या. तू मात्र लोकांना सुधारायचं काम करतेस म्हणून घरी आल्यावरही तेच. माणसाने ऑफिस ऑफिसात ठेवून यावं.

तू गेलीस आणि मी खालच्या सरांकडे गेले. जन्मभर इंग्रजी शिकवलेला माणूस, निवृत्त झाल्यापासून कुणीतरी काहीतरी विचारावं म्हणून दार उघडंच ठेवतो. त्यांनी जाडजूड डिक्शनरी काढली, चष्मा पुसला, आणि म्हणाले, "आत्मसन्मान. स्वतःविषयी वाटणारा आदर." मी म्हटलं, सर, आदर ही दुसऱ्याला द्यायची वस्तू. स्वतःच स्वतःला अहो-जाहो करायचं की काय? मग म्हणाले, "स्वाभिमान म्हणा हवं तर." म्हटलं, तो माझ्याकडे पोत्याने आहे. सासूबाई असत्या तर त्यांनी सही करून दिलं असतं.

"नाही, नाही," सर म्हणाले, "स्वाभिमान कुणी डिवचलं की जागा होतो. हे वेगळं. आजूबाजूला कुणी नसताना, खोलीत एकटं बसल्यावर तुम्हाला स्वतःबद्दल जे वाटतं, ते हे." खोलीत एकटी बसले की मला पाय दुखताहेत एवढंच वाटतं. तसं सांगितलं तर हसायला लागले. मला हसण्यासारखं काही दिसलं नाही.

मी त्यांना म्हटलं, वाक्यात वापरून दाखवा. तर बघ, जे वाक्य करावं ते नकाराचंच होतं. "त्याला सेल्फ-एस्टीम नाही." "तिचा फार कमी आहे." दुसऱ्याबद्दल आणि कमी असल्याबद्दल, एवढाच याचा उपयोग. "मला भरपूर आहे," असं कुणी म्हणालं तर लोक त्याला शेफारलाय म्हणतील. असा कसा शब्द, जो असला तर बोलायचा नाही आणि नसला तर आईच्या तोंडावर मारायचा? तू तर माणसं गोळा करून हेच शिकवतेस, तेव्हा तुला ठाऊक असेल. सवडीने कळव.

तुझी जांभळी शाल इथेच राहिली आहे. धुऊन ठेवली.

आई


२९ जानेवारी

तुझं उत्तर आलं नाही. ठीक आहे. मला तरी कुठे वेळ आहे? माझ्यामागे इथे शुक्लकाष्ठ लागलंय.

शाळा सुटली की तू आमच्या खोलीत कोपऱ्यात बसून गृहपाठ करायचीस, म्हणून तुला काम समजावून सांगायला नको. तरी सांगते, कारण तू हल्ली सगळं विसरतेस. ऑपरेशनची हत्यारं पलीकडे धुऊन आमच्या टेबलावर येतात. आम्ही एकेक भिंगाखाली बघायचं, यादीप्रमाणे ट्रेमध्ये मांडायचं, दोन कापडांत बांधायचं, पट्टी चिकटवायची, चिठ्ठीवर सही करायची, आणि ट्रे वाफेच्या मशीनमध्ये. सही म्हणजे काय, तर आत सगळं आहे, मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. माझी सही असली की वरच्या थिएटरच्या सिस्टर ट्रे उघडून मोजतसुद्धा नाहीत. "मावशींची चिठ्ठी आहे ना, मग झालं तर." सव्वीस वर्षं हे ऐकते आहे. हे तुझ्या त्या शब्दात बसतं का, ते बघून ठेव.

तर मागच्या गुरुवारी पोटाच्या ऑपरेशनच्या ट्रेमध्ये एक चिमटा कमी निघाला. रक्त थांबवायला लावतात तो, छोटा. बेचाळीस हत्यारं हवीत, शेवटी मोजली तर एक्केचाळीस. सुरुवातीलाच मोजली असती तर काही बिघडलं नसतं, दुसरा ट्रे फोडला असता. पण चिठ्ठी माझी होती. त्यामुळे कळलं ते शेवटी, आणि चिमटा माणसाच्या पोटात राहिला की काय म्हणून सगळ्यांचं धाबं दणाणलं. त्याला तसाच टेबलावर ठेवून एक्स-रे काढले. चाळीस मिनिटं. पोटात काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी खात्रीसाठी पुन्हा एकदा काढला, तेव्हाही काही नाही. माणूस बरा आहे, मी वर जाऊन बघून आले. चहात साखर कमी आहे म्हणून वॉर्डबॉयशी भांडत होता.

आम्ही सगळी खोली पालथी घातली. मी स्वतः गुडघ्यांवर बसून सिंकखालची जाळी उचकटली. चिमटा नाही म्हणजे नाही.

मेमो आला मला, कारण सही माझी. लेखी खुलासा द्या म्हणे. आता तुला म्हणून सांगते, तो ट्रे मी सुरू केला नव्हता. जिराफने केला होता. जिराफ म्हणजे माझ्या शेजारी बसते ती. उंच आहे म्हणून जिराफ, तिला राग येत नाही. ती आली तेव्हा तू घर सोडून गेली होतीस, त्यामुळे तू तिला बघितलेलं नाहीस. तिला मध्येच घरून फोन आला, ती उठून गेली, आणि पुढे मी हात लावून पट्टी चिकटवली. आमच्यात पद्धतच आहे तशी, पट्टी ज्याची त्याची सही. सगळ्यांच्या अर्धवट ट्रेवर माझीच सही असते हे तुला माहीत आहे. तू दहा वर्षांची असतानाही विचारायचीस, आई, सगळं तूच का लिहितेस?

असो. लिहून देईन चूक माझी म्हणून आणि विषय संपवेन. नेहमीसारखं. तू कपाळावर हात मारून घे.

जिराफला मी तुझा शब्द विचारला होता. म्हणाली, "ताई, स्टीम ना? आपल्या मशीनमध्ये आहे की हवी तेवढी." असली माणसं आहेत माझ्या नशिबात.

आई


९ फेब्रुवारी

काय म्हणावं तुला!

पाकीट आलं म्हणून मी हातातलं काम टाकून उघडलं. आत काय, तर छापील कागद. एक ओळ नाही, "आई" एवढंसुद्धा नाही. दहा वाक्यं आणि प्रत्येकापुढे चार चौकोन, पूर्ण पटते ते अजिबात पटत नाही. तू ऑफिसात लोकांकडून भरून घेतेस तोच ना हा? पोटच्या पोरीने आईला फॉर्म पाठवावा! उद्या मेले तर अभिप्रायाचा अर्ज पाठवशील.

तरी भरला. रिकामटेकडी आहे ना मी.

पहिलं वाक्य, "मी जशी आहे तशी मला आवडते." कशी आहे ते आधी ठरवा, मग आवडायचं बघू. चौकोन तिसरा. दुसरं, "लोक माझं मत विचारात घेतात." लोक म्हणजे कोण? तू धरून की तू सोडून? तिसरं, "नाही म्हणताना मला अपराधी वाटत नाही." हे तू मुद्दाम घातलंस. चौथं, "दिवस संपताना आपलं काम चांगलं झालं असं मला वाटतं." पूर्ण पटते. याच्यावर दोनदा खूण केली आहे, एकदा पुसट झाली म्हणून. पाचवं, "कुणी कौतुक केलं तर मी ते आनंदाने स्वीकारते." करून तरी बघा कधी.

सहावं, "माझ्या चुका मी मोकळेपणाने मान्य करू शकते." हे सोडलंय. पेनातली शाई संपली.

सातव्यापासून पुढे दुसऱ्या पेनने भरलं आहे. रंग वेगळा दिसेल, त्यावरून काही अर्थ काढत बसू नकोस. तुमच्या लोकांना सवय असते.

खालच्या सरांना कागद दाखवला. ते म्हणाले, असे प्रश्न माणसाने स्वतःच स्वतःला विचारायचे असतात, दुसऱ्याने तपासायचे नसतात. मी म्हटलं, हे माझ्या मुलीला सांगा, तिचा पगार यावर चालतो.

खुलासा अजून दिलेला नाही. मुदत वाढवून घेतली. इनचार्ज सिस्टर म्हणाल्या, "मावशी, तुमच्या हातून असं होणारच नाही, काहीतरी घोटाळा आहे." बघ, बाहेरच्या माणसांना विश्वास असतो.

कागद सोबत परत पाठवते आहे. मार्क देऊ नकोस.

आई


२० फेब्रुवारी

हे काय करून ठेवलंस तू?

मला न विचारता, न सांगता, थेट मोठ्या डॉक्टरांना पत्र! इनचार्ज सिस्टरनी मला आत बोलावलं तेव्हा मला वाटलं, आता गेली नोकरी. टेबलावर तुझी दोन टाइप केलेली पानं. "माझ्या आईने आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका स्वतःच्या अंगावर घेतल्या आहेत. हा ट्रे तिने भरलेला नाही. ज्या कर्मचाऱ्याने भरला, तिच्यावर कारवाई न करता एका प्रामाणिक बाईला बळीचा बकरा केलं जात आहे." बकरा! मी!

मी कधी म्हणाले भरलेला नाही? सुरू केला नव्हता म्हणाले. तुझं डोकं आधी तापतं आणि मग तू वाचतेस. असो, ते बारीकसारीक झालं.

लाजेने मेल्यासारखं झालं मला. सगळ्यांना कळलं. आणि खरं सांगू? त्यानंतर मोठ्या डॉक्टरांनी मला खुर्ची दिली. सव्वीस वर्षांत त्या खोलीत मी कधी बसले नव्हते, दारातूनच कागद द्यायचे. म्हणाले, "तुमची मुलगी फार छान लिहिते. आमचंही चुकलंच, आम्ही नुसती सही बघितली." वरच्या सिस्टर जिना उतरून खाली आल्या आणि खांद्यावर हात ठेवून गेल्या. धुण्याच्या खोलीतल्या बाया चहा माझ्यासाठी आधी ओततात. उगाच कशाला म्हणत मी घेते.

चौकशीत मला विचारलं, ट्रे तुम्ही सुरू केला होता का? मी म्हटलं, नाही. मग कुणी? पुन्हा विचारलं तेव्हा सांगितलं. मी एक अक्षर खोटं बोलले नाही, हे तू लक्षात ठेव.

माझा मेमो मागे घेतला.

पुन्हा असला आगाऊपणा केलास तर याद राख. आईचं वकीलपत्र घ्यायला तुला कुणी सांगितलं नव्हतं. तुझ्या पत्राची झेरॉक्स मी मागून घेतली आहे. कौतुकाने नाही, कागदपत्र असावं म्हणून.

आई


२ मार्च

काल तू फोन केलास. पंचावन्न दिवसांनी. मी मोजत नव्हते, कॅलेंडर समोरच आहे.

"आई, मला तुझा अभिमान वाटतो," म्हणालीस. "पहिल्यांदा तू मूग गिळून बसली नाहीस." आणि मी काय म्हणाले, तर बरं बरं, जेवलीस का. तू असं कधी बोलली नव्हतीस गं. दहावीला असतानाही नाही, तुझं लग्न मोडलं आणि मी महिनाभर तुझ्याजवळ राहिले तेव्हाही नाही. फोन ठेवल्यावर मी कितीतरी वेळ ओट्याजवळ तशीच उभी होते. दूध उतू गेलं.

जिराफला घरी बसवलंय. चौकशी पुरी होईपर्यंत कामावर यायचं नाही. शनिवारी तिने टेबल आवरलं, भिंगाचा दिवा माझ्याकडे सरकवला. रडली नाही, आरडाओरडा केला नाही. एवढंच म्हणाली, "ताई, चिमटे सगळ्यात शेवटी लावतात. मी तर अर्ध्यावर उठले होते."

चिमटे शेवटी लावतात हे खरं आहे.

तिच्या घरी पांगळी आई आहे. तिचा फोन आला की जिराफ उठून जायची, म्हणून आम्ही तिच्यावर चिडायचो. आता नवीन बाई दिली आहे माझ्या शेजारी, ती तोंडातल्या तोंडात गाणं म्हणते आणि मला डोकं आपटून घ्यावंसं वाटतं.

तू सुट्टी टाकून येते म्हणालीस. ये. नको, एवढ्यात नको येऊस, घराला रंग द्यायचाय. रंग द्यायचा नाहीये. पण येऊ नकोस. आणि मला विचारू नकोस का म्हणून, प्रत्येक गोष्टीला कारण असायलाच हवं असं नाही. एक सांगायचं होतं ते फोनवर राहून गेलं. तू बोलायला लागलीस की मध्ये फट सापडत नाही.

आई


११ मार्च

बाळ,

हे पत्र शेवटपर्यंत वाच, मग हवं तर फाड.

चिमटा माझ्याकडे होता.

नीट सांगते, कारण तू पुन्हा अर्धवट वाचून कुणाला तरी पत्र लिहिशील. एखाद्या चिमट्याचा सांधा आखडलेला असतो. नियम असा, की तो लाल डब्यात टाकायचा, लगेच दुसरा काढून ट्रेमध्ये लावायचा आणि मग पुढे जायचं. पण लाल डबा खोलीच्या त्या टोकाला आहे आणि माझे गुडघे या टोकाला. म्हणून मी आखडलेला चिमटा खिशात टाकते आणि जेवणाच्या सुट्टीत सगळे एकदम नेऊन तेल घालते. आमच्या ॲप्रनला खिसे नसतात. कुणी काही खिशात घालू नये म्हणूनच ते तसे शिवून येतात. माझ्या ॲप्रनला आतून खिसा आहे, मी घरी शिवलाय. गेली अकरा वर्षं. माझी सही आहे म्हटल्यावर मला कोण तपासणार?

त्या गुरुवारी जिराफने तिचा अर्धा ट्रे अगदी व्यवस्थित लावला होता. पुढचा मी लावला. शेवटी चिमटे. एक आखडलेला निघाला, तो खिशात टाकला, आणि दुसरा घ्यायचा विसरले. सही केली. मग वरून निरोप आला आणि सगळ्यांबरोबर मी शोधायला लागले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, ते मी गुडघ्यांवर बसून केलं, सिंकखालची जाळी उचकटून.

संध्याकाळी ॲप्रन धुवायला काढला आणि तो मोरीत खण्णकन पडला.

दुसऱ्या दिवशी पर्समध्ये घालून कामावर नेला. देऊन टाकायचा असं ठरवूनच निघाले होते, देवाशपथ. पण आत शिरते तर इनचार्ज सिस्टर सगळ्यांना सांगताहेत, "मावशींच्या हातून होणारच नाही." ते ऐकून माझे हात पर्सकडे गेलेच नाहीत. दहा वाजता त्या माणसाचा दुसरा एक्स-रे झाला. आजारी माणसाला पुन्हा खाटेवरून उचललं, पुन्हा त्या थंड फळीवर झोपवलं, पोटात चिमटा शोधायला. चिमटा तेव्हा खाली माझ्या लॉकरमध्ये होता. मी तो परत घरी आणला आणि बटणांच्या डब्यात ठेवला.

तुला लिहिताना मी "सुरू केला नव्हता" असं लिहिलं. मला माहीत होतं तू काय वाचशील. तू पत्र लिहिशील असं वाटलं नव्हतं, पण तू माझ्या बाजूने चिडशील एवढं मला हवंच होतं. चिडलीस तर फोन करशील असं वाटलं. इतकी साधी लबाडी होती गं ती. पुढे तिचं हे एवढं होईल असं वाटलं नाही, आणि झालं तेव्हा मी खुर्चीवर बसून चहा घेत होते.

तुला वाटतं मला सेल्फ-एस्टीम नाही. होता. खालच्या सरांनी कितीही अर्थ सांगू देत, माझा सगळा त्या चिठ्ठीवर होता. घरी कुणापुढेही वाकले तरी उद्या सकाळी कामावर जाऊन सही करायची आहे, आणि त्या सहीपुढे डॉक्टरसुद्धा मोजत नाहीत, यावर मी दिवस काढले. म्हणून तर चिमटा देता आला नाही. तो सेल्फ-एस्टीमच नसता तर कदाचित त्याच दिवशी देऊन टाकला असता. आणि वर तुझा फोन आला. सर म्हणतात ना, खोलीत एकटं असताना काय वाटतं ते बघा? तू "अभिमान वाटतो" म्हणालीस त्या दिवसापासून मला खोलीत बसवेना. उठून दुसऱ्या खोलीत जायचे, तिथेही बसवेना. किळस यायची स्वतःची.

सोमवारी चिमटा घेऊन मोठ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी खुर्ची पुढे केली, मी बसले नाही. टेबलावर ठेवला आणि सांगितलं. इनचार्ज सिस्टर चांगल्या आहेत, त्या लगेच म्हणाल्या, "मावशी, वयाचं कारण लिहू या, डोळ्यांचं लिहू या." मी म्हटलं, डोळे ठणठणीत आहेत, सुईत दोरा मी अजून ओवते. क्लार्क म्हणाला, "नजरचुकीने राहिला असं लिहितो, लपवला कशाला लिहायचं?" म्हटलं, दोन्ही लिही. विसरला एक दिवस, लपवला साडेसहा आठवडे. त्या बिचाऱ्याने तसंच लिहिलं. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, इतके दिवस का बोलला नाहीत? मी म्हटलं, साहेब, लाज वाटली. त्यांनी खुर्ची मागे सरकवून घेतली.

माझं ट्रेचं काम काढलं आहे. आता धुण्याच्या खोलीत असते, कोपरापर्यंत रबरी हातमोजे घालून. शिक्षा काय ते वरून कळेल, सेवापुस्तकात नोंद होणारच. वरच्या सिस्टर आता प्रत्येक ट्रे उघडून मोजतात, कुणाचीही सही असो. तसंच हवं होतं आधीपासून. मी जिन्यात भेटले तर त्या दुसरीकडे बघतात, त्याचं वाईट वाटतं. फार वाईट वाटतं.

जिराफ कालपासून कामावर आली. त्याआधी मी तिच्या घरी जाऊन आले. दार तिनेच उघडलं, आत ये म्हणाली नाही. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं आणि माफी मागितली. तुला माहीत आहे, माफी मागण्यात माझा हातखंडा आहे, पण ही माफी मागणं जड गेलं. जेवण गार झालं म्हणून मागणं वेगळं. ती ऐकून घेत होती, आतून तिची आई सारखी विचारत होती कोण आलंय, कोण आलंय. मग ती म्हणाली, "ताई, तुझी मुलगी तुझ्यासाठी एवढी भांडली. माझ्यासाठी कोण भांडायचं?"

मी म्हटलं, "मीच भांडायला हवं होतं."

"हो," ती म्हणाली, आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही, हळूच लावलं.

मी जिना उतरायला लागले आणि मनात आलं, परत वर जावं, दार वाजवावं, आणि म्हणावं की माझ्या मुलीलाही माफ कर, तिला माहीत नव्हतं, तिचा जीव आहे माझ्यावर, पोर आहे ती. एक पायरी चढलेसुद्धा. मग म्हटलं, नाही. तू पोर नाहीस, चौतीस वर्षांची आहेस. जिला कधी बघितलं नाहीस, जिला एक शब्द विचारला नाहीस, त्या बाईविरुद्ध तू दोन पानं टाइप केलीस. मी तुला फसवलं हे माझं. पण चौकशी न करता लिहिलंस ते तुझं. माझ्या वाट्याची माफी मी मागून आले. तुझ्या वाट्याची मागितली नाही. आजवर घरात, कामावर, नात्यात सगळ्यांची मीच मागत आले आणि त्यावरून तू मला बोललीस. बरोबर बोललीस. ही मी मागणार नाही.

तिचा पत्ता मागच्या बाजूला लिहिलाय. आधी तिला लिही. टाइप करू नकोस, हाताने लिही, आणि माझी बाजू घेऊ नकोस. ते झालं की मला फोन कर. रागाने केलास तरी चालेल, मी उचलेन.

आई